विहिरीच्या पाण्यातला साका

५ जानेवारी, सोमवार
नोकरीचा पहिला दिवस, आणि फारच छान गेला! पेपर मिलच्या प्रयोगशाळेत केमिस्ट म्हणून रुजू झाले. तिथले मदतनीस निंबाभाऊ तीस वर्षांपासून तिथेच आहेत. बाटल्या, बर्नर, सगळं त्यांनीच दाखवलं. बॉयलरमधला पांढरा थर तपासायचा होता. पाण्यात ढिम्म राहिला, सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल पडताच फसफसून विरघळला. म्हणजे चुनाच. बहादरपूरला मालूबाईंकडे खोली मिळाली. मागे केळीची बाग आणि विहीर. मालूबाई एकट्याच असतात. मुलगी कोकिळा चार वर्षांपूर्वी याच विहिरीत बुडाली, प्रेतही सापडलं नाही, असं त्यांनीच सांगितलं आणि लगेच माझ्या हातावर दराब्याची मिठाई ठेवली. पाणी मात्र फार गोड आहे.

१२ जानेवारी
थंडी म्हणून मालूबाई रोज बंबात पाणी तापवून देतात. आज न्हाणीतल्या बादलीला वाळलेला पांढरा थर दिसला. चुना समजून खपली मिलमध्ये नेली. हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळेना, नायट्रिकमध्येही नाही. साध्या पाण्यात मात्र साखरेसारखी विरघळली, आणि त्या पाण्यात आम्लाचे चार थेंब टाकले तर दूध फाटावं तसा साका खाली बसला. निंबाभाऊ म्हणाले, साबण असेल. साबण असाच वागतो खरा. तरी चिमूटभर जाळून पाहिली. केस जळाल्याचा वास आला. साबणाला हा वास येत नाही.

१५ जानेवारी
परातीत उभं राहून, साबण न लावता अंघोळ केली आणि ते पाणी आटवलं. तोच थर. मग थेट विहिरीतून काढलेलं पाणी आटवलं. त्यातही तोच, वासही तोच. अंघोळीच्या पाण्यात मात्र पाचपट.
पाचपट कुठून आला?

१९ जानेवारी
हजेरीच्या मशीनने अंगठा घेतला नाही. तीनदा लावला. भिंगाखाली पाहिलं, तर बोटांवर रेषाच नाहीत. वजन चार किलोने कमी.
निंबाभाऊ दबक्या आवाजात म्हणाले, "मॅडम, मालूबाई सोता जारचं पाणी पिते, मालूम नाही का? विहिरीचा एक थेंब तोंडात नाही घेत." माझ्याआधी खोलीत निर्मला नावाची शिक्षिका राहायची. एक दिवस न सांगता गेली म्हणे. चपला न्हाणीबाहेरच राहिल्या.

२० जानेवारी
उद्या सकाळी नऊला निंबाभाऊ रिक्षा घेऊन येणार. आम्लाची बाटली पिशवीत घालून आणलीये. त्या पाण्यातला साका खाली बसवणारी तेवढी एकच वस्तू.
मालूबाईंना सरळ विचारलं. रागावल्या नाहीत. माझा हात मांडीवर घेऊन कुरवाळत म्हणाल्या, "कोकिळा एकटी घाबरते, बेटा. निर्मला गेली तेव्हा चार महिने गप होती. आता परत रडते."
न्हाणीचं पाणी त्या विहिरीतच ओततात. रोज. म्हणजे मी पंधरा दिवस जे प्याले, त्यात निर्मला —
तळपाय जमिनीला टेकवत नाहीत, आत्ता चालत निघणार तरी कशी?

२१ जानेवारी, सकाळी सव्वाआठ
फोनची स्क्रीन बोटाचा स्पर्शच ओळखत नाही. दार आतून लावलंय. मालूबाई बाहेरून हळू आवाजात म्हणतायत, निघण्याआधी तोंड तरी धुऊन घे —
उंबऱ्याखालून पाणी आत येतंय. कोमट.
बाटलीतलं थोडं आम्ल ओतलं. पाणी फाटलं, साका बसला. थांबलं!

साडेआठ
बाटली संपली. परत येतंय —
खाटेवर चढलेय. मालूबाई कोणाला तरी समजावतायत. रडू नको, आली बघ, आली —

खिडकीतून बादली — अख्खी अंगावर —
वही भिजली. अक्षरं तशीच आहेत. बॉलपेनची शाई पाण्यात विरघळत नाही. बोटं मात्र —