आईच्या विरजणाचे शेवटचे दोन चमचे

नारायण पेठ, पुणे
३ नोव्हेंबर २०२५

ती. सौ. ताईस राधाचा सा. न. वि. वि.

फोनवर तू हॅलो हॅलो करून ठेवून देतेस, म्हणून ही चिठ्ठी रिकाम्या किटलीत घालून दाजींबरोबर पाठवते. भिजली तर तुझं नशीब.

तुझ्या दुधाचं दही लागत नाही. आज चौथा दिवस. बरं, दूध नासतही नाही. परवाचं मुद्दाम ओट्यावर उघडं ठेवलं, अजून तसंच. वास नाही, आंबट नाही. मांजरसुद्धा हुंगून परत गेलं. मेल्यासारखं पडलंय म्हणावं, तर मेलेलं सडतं तरी गं.

आई जाऊन वर्ष झालं. तिच्या हातचं जिवंत असं हे विरजणच उरलंय, त्याचेही दोनच चमचे. पिशवीचं दूध तिने कधी उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. तेव्हा खरं सांग, म्हशीला औषध दिलंस का? दिलं असशील तर नाइलाजाने पिशवी आणते. नसशील तर दोन्ही चमचे तुझ्याच दुधात घालते.

रागावलीस तरी माया आटू देऊ नकोस.

तुझी
राधा


वडकी
५ नोव्हेंबर

चि. सौ. राधास अनेक आशीर्वाद.

आईची शपथ, म्हशीच्या पोटात औषधाचा कण गेला न्हाई. माझं दूध चांगलं हाय, तुझ्या खानावळीला कुणाची तरी दृष्ट लागली आसंल. मीठमोहऱ्या उतरून टाक. खुशाल लाव दही. तुझ्या लेकीला, पूर्वाला पापा.

तुळजा


पुणे
१४ नोव्हेंबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझ्या शपथेवर दोन्ही चमचे घातले. दोन दिवस काही नाही. तिसऱ्या सकाळी झाकण काढलं तर लागलेलं. इतकं, की भांडं उलटं धरलं तरी पडेना. चमचा घातला तर तार आली, कोळ्याच्या जाळ्यासारखी. चाखलं. आई नव्हती त्यात.

काल स्वारगेटला दाजी सहज बोलून गेले की म्हशीला दगडी झाली होती, कास दगडासारखी सुजली होती, आणि तू सडात ट्यूब पिळत होतीस. एक ट्यूब चार दिवस पुरवून. काय म्हणावं तुला?

पूर्वा कॉलेजात हेच शिकते. ती म्हणाली, दह्यात डोळ्यांना न दिसणारे जीव असतात. उबेत अर्ध्या तासात एकाचे दोन, दोनाचे चार, सकाळपर्यंत गावच्या गाव. त्या ट्यूबने आईचे बहुतेक मेले. पण तू थोडं थोडं दिलंस, म्हणून निगरगट्ट होते ते तगले, औषधाला सरावले. रिकाम्या घरांत आता त्यांचीच पोरंबाळं.

रोज झाकण काढायला हात कचरतो. नमुना पाठवलाय, तूच चाख.

राधा


वडकी
१७ नोव्हेंबर

चि. राधास आशीर्वाद.

बाई, औषध म्हंजी पोटात घ्यायचं. ट्यूब म्हंजी मलम. मलमाला कोण औषध म्हणतं? मी खोटं बोलले न्हाई गं. म्हस आता बरी हाय. चुकलं आसंल तर पदरात घे.

दही चाखलं. रडूच आलं. अगदी आईचं हाय की! उगा का भितीस?

तुळजा


पुणे
२० डिसेंबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझ्यावरचा राग गेला. राग धरायला आधीचं आठवावं लागतं.

रावसाहेब आपल्याकडे बारा वर्षं जेवतात. वाटी चाटून म्हणाले, हे तर आईंच्याच हातचं. मी म्हटलं, तुमच्या जिभेला गंज चढलाय. पूर्वालाही हल्ली फरक कळत नाही. मी एकटीच तोंड वाकडं करत होते. रोज एक बोट चाखायचे, आईची चव विसरू नये म्हणून.

आज सकाळी चाखलं आणि ताई, मला ते आईचंच लागलं.

दुसऱ्यांदा चाखलं. तेच. मग चमचा उचलून बघितला. तार येत होती, आणि मला वाटलं, नेहमीच येते की.

माझ्यापाशी ताळा करायला काही नाही. होतं ते सगळं त्या भांड्यात गेलं. तुझी जीभ पहिल्याच दिवशी फसली, तरी तुलाच विचारते, दुसरं कुणी उरलं नाही.

आईचं दही आंबट असायचं की गोड, तेवढं लगेच लिही.

तुझी
राधा