पाण्याच्या चुलीची राख

माय, आज अकरावीच्या वर्गात मूत्रपिंड शिकवताना मधेच तुझी पाण्याची चूल आठवली आणि पुढचं वाक्य विसरले. अंगणात, न्हाणीला लागून होती ती. जळणाच्या कपाशीच्या पऱ्हाट्या ओलसर झाल्या की तू तुटलेल्या प्लास्टिकच्या चपला विळ्यानं कापून तिच्यात सारायचीस. अमडापूरच्या बाजारातल्या चपला, आम्हा सगळ्यांच्या पायांनी झिजलेल्या. स्वयंपाकाच्या चुलीत मात्र एक तुकडाही जाऊ द्यायची नाहीस. एकदा मी टाकायला गेले तर मनगट धरलंस. "काऊन वं, पायातली वस्तू भाकरीच्या चुलीत टाकते?" पण पाण्याच्या चुलीची राख तुझ्या लेखी आगीतून निघालेली, म्हणजे शुद्ध. अजून डोळ्यांपुढे दिसतं, तिनंच तू ताटं-पितळ्या घासते आहेस, वांग्यांवर कीड पडली की तीच शिंपडते आहेस, आणि मी शेजारी बसून फुंकणी फुंकते आहे. काळा धूर उठतो, तुझे डोळे लाल होतात, तरी तू हसतेस. "पाह्य बरं, कसं भडकलं!"

तुझी मूत्रपिंडं गेली तेव्हा सगळ्यांनी तुझ्या माहेरच्या खाऱ्या पाण्यावर खापर फोडलं. सुजलेले पाय खाली सोडून खाटेवर बसलेली तू सगळ्यांशी भांडलीस. "माह्या माहेरच्या पाण्याले नावं नका ठेवू." आता वाटतं, तुझं थोडं तरी खरं असेल. तसलं प्लास्टिक धुमसत जळालं की डायॉक्सिन नावाचं विष तयार होतं. ते धुरात जातं, राखेत बसतं, आणि अंगातल्या चरबीत वर्षानुवर्षं मुक्काम ठोकतं. आपल्या पेशींत एक प्रथिन असतं, त्याला ग्राही म्हणतात. बाहेरचं काही येऊन त्याला चिकटलं की तो पेशीच्या केंद्रकात जातो आणि जनुकांना जागं करतो, की आलेलं मोडून काढा. कोबी खाल्ला तरी हा थोडा जागा होतो, आहे की नाही गंमत? पण कोबीतलं द्रव्य मोडतं आणि काम थांबतं. डायॉक्सिन मोडता मोडत नाही. विहीर कोरडी पडली तरी मोटार बंदच होऊ नये, तसं ते काम चालूच राहतं. त्यातून पेशीलाच इजा करणारी द्रव्यं निघतात, मूत्रपिंडातल्या गाळण्या सुजतात, हळूहळू तिथे वण धरतात. प्रयोगशाळेतल्या उंदरांत हे दिसलं आहे. तुझ्यात काय झालं, पाणी की धूर की दोन्ही, हे आता कुणीच सांगू शकत नाही. मला मात्र ते जाणून घ्यायचंच आहे, आणि विचारायला तू नाहीस.

परवा गावी गेले होते. स्वयंपाकाला गॅस आला, अंगणातली चूल तीच आहे. वहिनी तिच्यात चपलेचा तुकडा सारत होती आणि भाची फुंकणी घेऊन शेजारी बसली होती, मी बसायचे तशीच. मी वहिनीला ग्राही सांगितला, पेशी सांगितल्या, कोरड्या विहिरीवरची मोटारही सांगितली. तिनं सगळं ऐकलं आणि ती म्हणाली, "ताई, तुमच्या मायनंच तं शिकोलं मले हे. त्याईले काय समजत नव्हतं?" तुझ्यापुढे माझं कोण ऐकणार?

मग मी म्हणाले, "वहिनी, मायनंच शेवटी सांगितलं होतं मले. चपला जाळू नका म्हणे, पोरगी धुरात बसते." वहिनीनं चिमट्यानं तो तुकडा बाहेर ओढला, त्यावर तांब्याभर पाणी ओतलं आणि भाचीला दंडाला धरून उठवलं. भांड्यांसाठी काढून ठेवलेली राखही तिनं स्वतःच उकिरड्यावर टाकून दिली.

हा कागद कुठे पाठवायचा प्रश्नच नाही, पण वहिनीच्या हाती तर मुळीच लागू द्यायचा नाही. कारण तू असं काही बोलली नव्हतीस. बोलली असतीस ना, माय?