माळावरच्या खोलीतले चुन्याचे ठिपके

प्रिय उस्मान,

आधी भांडण, मग खुशाली. भिंतीवरच्या त्या ठिपक्यांचा अर्थ मला सांगून का गेला नाहीस?

सहा महिन्यांत तुला एक ओळ लिहिली नाही. तू आहेस तिथे टपाल जात नाही, एवढी अक्कल मला आहे. पण आज माळावर जे झालं ते दुसऱ्या कुणाला सांगून कळायचं नाही, आणि सांगितल्याशिवाय मला एका जागी बसवत नाही. बसवत नाही हे तर तू गेल्यापासूनचंच आहे म्हणा!

शेवगावच्या स्टँडामागे तीस वर्षं आपण जळालेले डायनॅमो नवी तार गुंडाळून भरले, बॅटऱ्या चार्ज केल्या. स्टँडात शिरणारी गाडी मी मान वर न करता ओळखायचो. "मागचं बेअरिंग गेलंय हिचं," म्हटलं की तू म्हणायचास, "बबन्या, तुझे कान कापून दारावर टांगले तर पाटीची गरज न्हाई."

आणि एवढं राबून दोघांनी घेतलं काय? दगडगोट्यांचा माळ आणि त्यावर एक पत्र्याची खोली! मंगळवारी दुकान बंद ठेवायचं आणि तिथे जाऊन नुसतं बसायचं. विजेचे खांब दोन मैल अलीकडेच थांबलेले. आपल्या एका खोलीसाठी कोण तार ओढणार?

मी म्हणालो, तेलाचं छोटं इंजिन बसवू. तू कानांवर हात ठेवलेस. "सहा दिवस धडधड ऐकायची आन् सुट्टीला बी धडधडच? मला उन्हावर दिवा लावायचाय."

उन्हावर! खिशातून पेपरचं कात्रण काढलंस. आभाळात सोडलेल्या यंत्रांना काचेचे पंख असतात, त्यांवर ऊन पडलं की वीज होते म्हणे. "चंद्रावर मानूस जाऊन आला, आन् तू अजून डिझेलच धरून बसलाय!" मी हसलो. नुसता हसलो नाही, दुकानात येणाऱ्या एकूण एक ड्रायव्हरला सांगून हसवलं. तू तोंड खाली घालून तार गुंडाळत राहिलास. तेव्हाच एक शिवी हासडली असतीस तर बरं झालं असतं रे.

तू पुण्याच्या कुणा प्राध्यापकांना पत्र टाकलंस. असल्या काचा आपल्याकडे दुकानात मिळत नाहीत, काही वर्षं थांबावं लागेल, असं उत्तर आलं. तू कार्डाची घडी घालून ठेवलीस. "थांबू की. तवर वाऱ्याला कामाला लावू."

वाऱ्याला आपल्या माळावर काय तोटा? टेकाडावर लाकडी पंखा, त्याला ट्रकचा जुना डायनॅमो. डायनॅमो हळू फिरला तर वीज देत नाही, म्हणून तू त्याला बारीक तारेचे जादा वेढे घालून नव्यानं भरलास. मी एकामागून एक मागण्या करत होतो. चार दिवे, छताला पंखा, चहाला शेगडी. तू बोटांवर मोजून दाखवलंस, "एक दिवा, तीन तास. रेडिओ, दोन तास. बास. आधी भूक ठरव, मग पीठ मळ."

मग तंबाखूच्या डबीतल्या चुन्यात बोट बुडवून तू भिंतीवर सगळा नकाशा काढलास. टेकाडावर पंखा, त्याखाली बॅटरी. खाली खोली, खोलीत दुसरी बॅटरी आणि दिवा. छपरावर दक्षिणेच्या अंगाला एक सूर्य. मी पाहिलं न पाहिलं केलं, कारण मला नेहमीची घाई.

पंखा उभा राहिला आणि आठ दिवसांत तू गेलास. दुकानातल्या स्टुलावर बसल्या बसल्या, हातात पकड तशीच. निरोपाची कसली पद्धत ही?

तुझ्यामागे जैनबभाभीनं इद्दतीचे, विधवेनं पाळायचे, चार महिने दहा दिवस घरातच काढले. नंतर भेटायला गेलो तर तिचा पहिला प्रश्न, "भाऊजी, दिवा लागला का? हे म्हनले हुते, दिवा लागला की तुला माळावर न्हेतो."

लागला नव्हता. तुझ्या नकाशात मला एक चूक सापडली होती. टेकाडावरून खोलीपर्यंत तार दाखवायची तू विसरलास! सत्तर पावलांचं अंतर, आणि मधे नुसते चुन्याचे ठिपके. मला वाटलं, बोट पुसलंस. ती चूक मी सुधारली. घराच्या वायरिंगची उरलेली तार टेकाडावरच्या बॅटरीपासून थेट दिव्यापर्यंत ओढली. आता दुसऱ्या बॅटरीचं काय काम, म्हणून ती नेऊन गिऱ्हाइकाला दिली. दिवा लावला तर विझत्या बिडीसारखा लाल!

किती मंगळवार गेले माझे त्यात. बॅटरी तपासली, चांगली. दिवा बदलला, तेच. डायनॅमोला कान लावला, गडी गोड गात होता. आजार तिथे नाही हे कान सांगत होते, आणि मी पुन्हा पुन्हा टेकाड चढत होतो, उतरत होतो.

परवा कळलं, भाभीचा भाऊ राहात्याहून तिला न्यायला येतोय, कायमची. काल तिनं पुन्हा विचारलं. मी म्हणालो, "लागला." उस्मान, मी गिऱ्हाइकाशी कितीदा खोटं बोललो असेन, पण तुझ्या उंबऱ्यात पहिल्यांदाच. ती म्हणाली, "मग उद्या दावा. यकदा बघून जाते."

आज दुपारी तिला ओळखीच्या टेम्पोतून आणलं. खोलीत अंधार करून बटण दाबलं. तीच बिडी! भाभीनं दार उघडून बाहेर टेकाडाकडे गेलेली तार पाहिली. मग भिंतीकडे वळली.

"ही तार ह्यांच्या नकाशात कुठंय, भाऊजी?"

"विसरला असेल."

"चहातली साखर विसरायचे ते. तार न्हाई विसरायचे."

ती ठिपक्यांवरून बोट फिरवत गेली आणि एकदम हसली. "हे पाय हायेत! मी नवी नवरी हुते, तवा मला गिरनीची वाट असंच चुन्याचं ठिपकं काढून समजावली हुती. आन् बगा, यक ओळ न्हाई. दोन हायेत. दोघं चालत्यात."

मी टेकाडाकडे गेलेल्या त्या तारेकडे पाहिलं. बारा व्होल्टची वीज बारीक तारेतून सत्तर पावलं चालली तर वाटेतच दमणार! आपण जन्मभर ट्रकात हातभर लांबीच्या जाड केबली टाकल्या, अंतर काय असतं ते मला कधी शिवलंच नाही. तू तार विसरला नव्हतास. तार टाळली होतीस. एक बॅटरी वर भरत राहील, एक खाली दिवा देईल, आणि दर मंगळवारी आपण दोघं त्यांची अदलाबदल करू. दारावरच्या खुंट्यांवरचा बांबू, मधोमध खाच पाडलेला, बॅटरी टांगून दोघांनी खांद्यावर न्यायला होता. मी त्यावर सहा महिने टॉवेल वाळवला!

बांबू काढला आणि मला पुढचं सुचेना. टेकाडावरची ती ट्रकची बॅटरी खाली आणणं एकट्याचं काम नव्हे. भाभीनं पदर खोचला.

"तुम्ही नको, वजन आहे."

"या दुष्काळात पान्याचे हंडे काय तुमी आनून देत हुता?"

तीनदा खाली टेकवली आम्ही ती. उतारावर मी तुझ्यासारखंच "सावकाश, सावकाश" ओरडत होतो, आणि ती म्हणत होती, "वरडू नका, चाला." दिव्याच्या तारा हातभर लांबीच्या करून जोडल्या. बटण तिलाच दाबायला लावलं.

पांढरा लागला, उस्मान! भिंतीवरचा तुझा सूर्यसुद्धा दिसला.

भाभी बघत बसली. मग डोळे पुसून म्हणाली, "बंद करा आता. तीन तासांचीच भूक ठरलीय न्हवं?" टेम्पोपाशी जाताना विचारलं, "येत्या मंगळवारी पुन्हा उचलावी लागंल?"

"लागेल."

"मग भावाला कळवते. म्हनावं, बुधवारी ये."

कुठल्या बुधवारी ते तिनं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

तिन्हीसांज झालीय. तुझ्याच दिव्याखाली लिहितोय, तासाच्या आत उरकेन. एवढ्यात चारदा उठून दारात जाऊन आलो. कान बिघाड शोधतात, आणि पंख्याच्या सळसळीशिवाय काही सापडत नाही.

दुसरी बॅटरी या आठवड्यात आणतो. ज्या ज्या ड्रायव्हरला हसवलं, त्याला त्याला बोलावून हा वाऱ्यावरचा दिवा दाखवेन आणि सांगेन की तुझं उन्हाचं म्हणणंही खरं होतं. आणि दक्षिणेकडच्या पत्र्यावर काही म्हणजे काही ठेवणार नाही. ती जागा काचा येईपर्यंत तुझी. तोवर दर मंगळवारी बांबूचं एक टोक माझ्या खांद्यावर असेल, शब्द देतो.

तुझा,
बबन्या
(असं हाक मारणारं कोणी उरलं नाही, म्हणून सहीत घातलं.)