मांडीतला तुकडा

१२ जून, गुरुवार
रेकॉर्ड ऑफिसचं उत्तर आलं. अर्ज मंजूर नाही, नामंजूरही नाही. पराक्रम पदक शत्रूच्या माऱ्यात जखमी झालेल्यालाच मिळतं, आणि माझ्या कागदांत 'गस्तीवर पाय घसरून पडल्याने जखम' अशी नोंद आहे. वेगळं काही म्हणणं असल्यास पुरावा द्यावा, किंवा तेव्हाच्या कंपनी कमांडरचा दाखला.

पुरावा उजव्या मांडीत आहे. मॉर्टरच्या गोळ्याचा तुकडा, चिंचोक्याएवढा. निवृत्त होऊन आल्यावर अलिबागच्या डॉक्टरांनी एक्स-रेवर बोट ठेवून दाखवला. तोवर मी नुसता व्रण समजत होतो.

सुलभाने विचारलं, "काय लिवलंय?" म्हटलं, मी घसरून पडलो असं लिहिलंय. "मंग गाव काय येगळं सांगतं?" बायको आहे की शत्रू!

पण खोटं बोलली नाही. पेन्शनच्या कामात तो कागद एकदा तलाठ्याकडे द्यावा लागला. तेव्हापासून गावात मी घसरू फौजी. शाळेतली पोरंही म्हणतात.

१५ जून, रविवार
झोप नीट नाही. तो दिवस राहून राहून डोळ्यांपुढे. साहेब, म्हणजे आमचे कंपनी कमांडर, तेव्हा मेजर होते. पोस्टवर येऊन माझ्या खांद्यावर हात ठेवला. "खराडे, वर कळवून झालंय की आपला एकही माणूस जखमी नाही. तुझं आता घसरून पडलास असं लिहितो. नंतर दुरुस्त करू." मला काय वाटलं? अभिमान वाटला. साहेबांनी आपल्यावर काही सोपवलं म्हणून. टाके घालताना तोंडात टॉवेल धरला होता, आणि आतून खूश.

नंतर म्हणजे कधी, हे विचारलंच नाही.

२२ जून, रविवार
रेवदंड्याला जाऊन आलो. रोह्याला गाडी बदलली. मेजरसाहेबांनी तिकडे नारळी-पोफळीची वाडी घेऊन बंगला बांधलाय. शनिवार-रविवार मुंबईहून येतात. वॉचमनने नाव विचारलं, काम विचारलं. 'जुना माणूस' असं सांगितलं.

साहेब स्वतः गेटपर्यंत आले. मिठी मारली. खुर्ची दिली, बाईसाहेबांनी पोहे दिले. "अगं, हा खराडे. मॉर्टर लागला तरी हूं की चूं केलं नाही पठ्ठ्यानं." म्हणजे विसरलेले नाहीत. माझा जीव भांड्यात पडला.

मग दाखल्याचं काढलं. साहेबांनी वाडीकडे तोंड फिरवलं. दिवाणखान्यात त्यांचं पदक काचेत लावलंय, त्याच कामगिरीचं. म्हणाले, "त्या पदकाची शिफारसच त्यावर आहे रे. एकही जवान जखमी न होऊ देता मोहीम पार पाडली, म्हणून. तुझं खरं आहे. पण आता ते लिहून देणं म्हणजे... तुला कळतंय ना?"

कळतंय. मला सगळं आधीपासून कळतं, हीच तर बोंब आहे.

निघताना म्हणाले, मुंबईला माझ्या ओळखीचा सर्जन आहे, तो तुकडा काढून टाकू. सगळा खर्च माझा. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. मे.सा. मनाने वाईट माणूस नाहीत. तेच जास्त खुपतं. वाईट असते तर गेटावरच चार शिव्या घालून मोकळा झालो असतो.

२३ जून, सोमवार
सुलभाला सगळं सांगितलं. तिला दाखल्याचं काही वाटलं नाही. ऑपरेशनचं ऐकून देव्हाऱ्यापुढे साखर ठेवली. "देवमानूस हाय तुमचा सायेब." मी जेवलो नाही.

तुकडा काढला की माझ्याकडे काय राहिलं? साहेबांच्या हे लक्षात आलं नसेल? आलं असेल, तर ते रडू कसलं? आणि आलं नसेल, तर मी उगाच... जाऊ दे.

३ जुलै, गुरुवार
पावलाला मुंग्या येत होत्या, आता बधिरपणा. अंगठा वर उचलत नाही. अलिबागला दाखवलं. डॉक्टर तरुण आहेत, पण घाई करत नाहीत. तुकडा सरकून मोठ्या नसेवर टेकलाय. "काका, गणपतीपर्यंतसुद्धा थांबू नका. नस मेली की पाऊल परत येत नाही. मग आयुष्यभर फरफटत चालाल." विचारलं, न काढता औषधाने काही? मान हलवली.

बाहेर सुलभा रस्त्यातच रडायला लागली. माणसं बघत होती. मी खेकसलो तिच्यावर. खेकसायला नको होतं.

११ जुलै, शुक्रवार
आमच्या खाचरात लावणी. कामाचा नव्हतोच, भाकऱ्या घेऊन निघालो होतो. बांधावर उजवं पाऊल उचललंच नाही आणि तोंडावर आपटलो. भाकऱ्या चिखलात.

कोणी हसलं नाही. पलीकडच्या शेतातून चुलतभाऊ धावत आला, धरून उठवलं. तोंडातून निघून गेलं त्याच्या, "घसरला का रं फौजी?" आणि त्याचाच चेहरा उतरला. म्हणाला, "तसं न्हाय म्हनायचं हुतं मला." दिवसभर माझ्याकडे बघेना.

इतकी वर्षं घसरलो नाही म्हणून भांडतोय, आणि घसरलो ते असं, सगळ्या आळीसमोर. हसावं की रडावं. चिखल मात्र दोनदा धुतला तरी कानात राहिलाच.

२१ जुलै, सोमवार
रेकॉर्ड ऑफिसला एक्स-रे पाठवला होता. आज फोन लागला. पलीकडचा माणूस सभ्य होता, आवाजावरून पोरगाच. म्हणाला, दाखला नसेल तर तुमची केस मेडिकल बोर्डापुढे ठेवता येईल. ते तपासून सांगतील तुकडा कसला ते. तारीख दिवाळीनंतरची.

विचारलं, मध्ये ऑपरेशन करून तुकडा डबीत घालून आणला तर? तो म्हणाला, "काका, मग तो कुठलाही तुकडा असू शकतो ना. अंगात असेल तर तुमचा."

अंगात असेल तर माझा. बरोबर आहे त्याचं. मी त्याच्या जागी असतो तर हेच बोललो असतो.

गणपतीच्या आधी पाय. दिवाळीनंतर पदक. दोन्ही एका माणसाला मिळणार नाही असं वेळापत्रकच आहे.

२४ जुलै, गुरुवार
मे.सां.चा फोन. सर्जनशी बोलणं झालं, मंगळवारी गाडी पाठवतो. मी बोर्डाचं सांगितलं. मग म्हणाले, "खराडे, ऑर्डर समज. पाय आधी." ऑर्डर! निवृत्त झालेल्या माणसाला ऑर्डर. फोन ठेवताना 'बरं' म्हणालो की नाही आठवत नाही.

संध्याकाळी सुलभाशी कडाक्याचं भांडण. मी म्हटलं, तुला काय कळणार, सगळं गाव हसतं ते मला हसतं. ती तांदूळ निवडत होती, सूप खाली ठेवलं.

"मला न्हाय हसत? घसरूची बायको म्हनत्यात मला नळावर. कधी सांगितलं तुमाला?"

नाही सांगितलं कधी.

"पदक आलं तर घ्याला जाल ना? मंग तितं उभं कशावर ऱ्हाल?"

मी उठलो. चिडून बाहेर जाऊन बसलो. तिच्यावर नाही, साहेबांवर नाही, सगळ्यात जास्त त्या टॉवेल तोंडात धरून खूश होणाऱ्या येड्यावर चिडलो.

२८ जुलै, सोमवार
साहेबांना शेवटचा फोन केला. पदक राहू दे, साहेब, फक्त गावात येऊन एकदा चार माणसांत सांगा, खराडे घसरला नव्हता. कागद नको. तोंडी.
"बघतो," म्हणाले. "आधी बरा हो."

२९ जुलै, मंगळवार
गाडी सकाळीच आली. पांढरी, मोठी, गल्लीत वळत नाही म्हणून मारुतीच्या देवळापाशी उभी आहे. सुलभाने पिशवी भरून पायरीवर ठेवलीय. मी कपडे घातलेत, इस्त्रीचे. कुठे जायला घातले ते माझं मलाच ठरवता येत नाही. लिहीत बसलोय.

आता सुलभा आत आली. खाली बसली, माझ्या उजव्या पायात चप्पल सरकवली, अंगठा दाबला. वर बघून विचारलं, "कळतंय का?"

काहीच कळलं नव्हतं. कळतंय म्हणालो.

ती तशीच बसून आहे, पाय हातात धरून. ड्रायव्हरने पुन्हा हॉर्न दिला.