वरच्या रांगेतला

मंगळवार, १३ जानेवारी

हरलो! बावीस गुणांनी पुढे होतो आणि हरलो! तेही कुणाशी — तळाच्या संघाशी, ज्यांना या हंगामात धड चार सामनेही जिंकता आलेले नाहीत. एका गुणाने! मला अजून खरं वाटत नाहीये. शेवटची शिट्टी झाली तेव्हा मी टीव्हीसमोर उलथनं हातात घेऊन उभी. आमच्या कॅप्टनने मारलेला बास्केटबॉल रिंगवर दोनदा आपटला आणि बाहेर. आमच्याच मैदानावर!

नवरा सोफ्यावर. मी ओरडले, "अरे, काहीतरी बोल की!"

तर म्हणाला, "साधा लीगचा सामना आहे गं." आणि उठून दात घासायला गेला.

हा म्हणतो हे! ऑक्टोबरमध्ये पहिला सामना जिंकल्यावर माझ्या शेजारच्या खुर्चीत ढसाढसा रडला होता हाच माणूस. माझा तो किस्सा सगळ्यांना सांगून झालाय — सासूबाईंना, दुकानात, वरच्या मजल्यावरच्या काकूंना. लोक हरल्यावर रडतात, आमचा जिंकल्यावर रडतो! आणि आज बघा, थंडगार. काय म्हणावं.

बुधवार, १४ जानेवारी

लिहू का नको असं झालंय. पण लिहिते. दुसऱ्या कुणाला सांगणार?

दुकानात आज एक चष्मा वेळेत झाला नाही. मी मागे मशीनवर काचा घासत होते, आणि पुढे मालक नि त्यांचे वडील — आम्ही त्यांना मोठे मालक म्हणतो — सकाळपासून जुंपलेले. मालक म्हणे कोचला आजच्या आज हाकला. तिसऱ्या क्वार्टरला घसरण सुरू झाली, टाइमआउट का नाही घेतला? झोपला होता का?

मोठे मालक म्हणे, "अरे, एक सामना गेला. अर्धा हंगाम पडलाय. प्लेऑफला कोण विचारतंय जानेवारीत काय झालं ते?"

"बाबा, बावीसची आघाडी होती!"

"होती ना? म्हणजे खेळता येतं त्यांना. मग कशाला ऊर बडवतोस?"

एक गिऱ्हाईक डोळे तपासायला आलं होतं. एक डोळा झाकून तक्ता वाचायचा सोडून तेही रिबाउंडवर बोलायला लागलं. मी आतून ओरडले, "कॅप्टन दमलाय, बाकी काही नाही!" तर तिघंही माझ्यावरच उलटले.

मग मालकांनी रेडिओ लावला. रोज सकाळी सामन्यांवर लोकांचे फोन घेतात तो कार्यक्रम. पहिले दोघं-तिघं नुसते शिव्याच घालत होते. मग एक शांत आवाज आला. निवेदकाने नाव विचारलं.

"नाव राहू द्या. वरच्या रांगेतला म्हणा."

माझ्या हातातली काच खाली पडली. फुटली नाही, पण चरा गेला.

तो बोलत होता. शब्द न् शब्द लक्षात आहे. "सामना काल नाही हरलो. पहिल्या आठवड्यापासून हरतोय. जिंकत होतो, म्हणून कुणी बघितलं नाही. कॅप्टनचा डावा गुडघा बघा. त्या पायावर तो उडीच घेत नाही. मी रोज सकाळी सराव बघतो, अगदी वरच्या रांगेत बसून. तो कुणाला सांगत नाहीये. पहिल्या दिवशी सांगायचं राहिलं, की दुसऱ्या दिवशी काय तोंडाने सांगणार? मग रोज लंगडणं लपवायचं, एवढाच खेळ उरतो. हिशेब सरळ आहे."

हिशेब सरळ आहे! हे माझ्या घरातलं वाक्य. भाजी संपली तरी, बस चुकली तरी — हिशेब सरळ आहे. आणि तो आवाज! सतरा वर्षं ऐकतेय मी.

पण त्या वेळी हा कारखान्यात असायला हवा. पंपांचा कारखाना, हा तयार पंप तपासतो. तिथे फोन गेटवरच जमा करून घेतात, संध्याकाळी परत देतात. भर सकाळी रेडिओला फोन कुठून करणार? आणि रोज सकाळी सराव? रोज?

"काय बोलला राव!" मालक म्हणाले.

मोठे मालक म्हणाले, "झाकली मूठ सव्वा लाखाची. काल उघडली, एवढंच."

मी मशीन बंद करून नुसती बसून राहिले.

तोच दिवस, नंतर

नेहमीच्या वेळेला आला. युनिफॉर्म, डबा, सगळं नेहमीसारखं. मी विचारलं, "कसा गेला दिवस?"

"काम फार होतं आज."

किती सहज म्हणाला! मी ताट वाढताना त्याच्या हातांकडे बघितलं. नखं स्वच्छ. पूर्वी ऑइलचा काळा थर असायचा, साबणानेही निघायचा नाही. मी ब्रश आणून दिला होता. मला वाटलं, वापरतोय अखेर. शाबासकीसुद्धा दिली होती मी त्याला! दिवसभर लोकांना नीट दिसावं म्हणून काचा घासते, आणि समोरच्या ताटावरची नखं मला दिसली नाहीत.

गुरुवार, १५ जानेवारी

विचारलं नाही. ओठांपर्यंत येतं आणि मागे फिरतं.

शुक्रवार, १६ जानेवारी

अख्ख्या शहराला गुडघ्याने पछाडलंय. क्लबवाले म्हणतात कॅप्टन ठणठणीत आहे. अर्धे लोक म्हणतात वरच्या रांगेतला थापा मारतो, अर्धे म्हणतात त्यालाच कोच करा. मालकांनी पक्ष बदललाय — कोच राहिला बाजूला, आता कॅप्टन दगाबाज! "लपवलं कशाला? आपण काय परके आहोत?" हे तेच मालक, जे मोठ्या मालकांपासून सिगारेट लपवतात.

मी ठरवलं. समोर बसून विचारलं तर हा पुन्हा "काम फार होतं" म्हणणार. आणि समोरासमोर एकदा खोटं बोलला, की ते कायमचं आमच्यात येऊन बसेल. मग मी दुकानाच्या मागच्या खोलीत गेले, दार लोटलं आणि कार्यक्रमाला फोन लावला. किती वेळ लागला देव जाणे. शेवटी — "बोला ताई, कोण बोलतंय?"

"खालच्या रांगेतली."

एकदा सुटले ते सुटलेच. "मला कॅप्टनला सांगायचंय. गुडघा दुखतोय ना, मग बस की बाबा बेंचवर! बेंचवर बसला म्हणून माणूस काय संघाबाहेर जातो? आम्ही काय नुसतं जिंकलेलं बघायला येतो का? हरलास तर हरलास. हरलेल्यालाही भूक लागते, त्यानेही घरी यायचं असतं. आणि हो — हे आम्हाला रेडिओवरून कळलं, याचा राग आहे. फार राग आहे! तो राग घरी आल्यावर."

निवेदक हसला. "म्हणजे घरच्या मैदानावर, असंच ना ताई?"

"तेच," म्हटलं, आणि फोन ठेवला.

बाहेर आले तर दोन्ही मालक रेडिओला कान लावून. मोठ्या मालकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "पोरी, अर्धा दिवस सुटी घे. जा घरी."

मालक बापाकडे बघतात, माझ्याकडे बघतात. "पण बाबा, कॅप्टनच्या गुडघ्याचं हिला काय एवढं?"

"तू गप रे!"

घरी पोचले तर हा आधीच आलेला. युनिफॉर्म घडी घालून टेबलावर ठेवला होता. डबा तसाच भरलेला.

"ऐकलं मी," म्हणाला. "बसस्टॉपवर. एकाच्या फोनवर लावलं होतं."

मी रस्ताभर काय काय ठरवलं होतं बोलायचं! पण त्याआधी तोच बोलला. कारखान्याने तपासणीचं मशीन आणलं, याचा विभाग बंद केला, सगळ्यांना घरी पाठवलं. आजवर पगार म्हणून माझ्या हातात देत होता ते साठवणीतलं. आधी दुसरं काम मिळू दे, मग सांगू, असं रोज ठरवायचा. रोज युनिफॉर्म घालून निघायचा. सकाळी मैदानात सराव बघायला फुकट सोडतात, आणि तिथे वर, छताखाली, ऊब असते.

"मूर्खा," म्हटलं. "मूर्खा, मूर्खा, मूर्खा!" मग दोघंही रडलो. त्याचाच डबा दोघांनी मिळून खाल्ला.

शनिवार, १७ जानेवारी

क्लबने जाहीर केलं! कॅप्टनचा डावा गुडघा. सहा आठवडे बाहेर!

मालकांचा लगेच फोन. "अहो, तो वरच्या रांगेतला बरोबर होता की! कोण असेल हो हा माणूस?"

मी म्हटलं, "असेल कुणीतरी रिकामटेकडा." हा शेजारीच बसला होता. असा हसला, असा हसला, की खोकला लागला. किती दिवसांनी ऐकलं ते हसणं! सोमवारी दोघं मिळून बाहेर पडायचं ठरलंय, कुठे कुठे विचारायचं त्याच्या कामासाठी. एक सामना गेला. जाऊ दे. हंगाम पडलाय अजून.

रविवार, १८ जानेवारी

काम जाऊन किती दिवस झाले हे विचारायचंच राहिलं होतं. मी धरून चालले होते, पंधरा दिवस, फार तर महिना. आज विचारलं.

ऑक्टोबर. पहिल्या सामन्याच्या दिवशी. दुपारी बोलावून सांगितलं त्यांनी. तिकिटं याच्या खिशात होती, मी मैदानाच्या दाराशी वाट बघत उभी होते, म्हणून सरळ तिथेच आला.

आणि मी गावभर सांगत फिरले — आमचा जिंकल्यावर रडतो!