रेघ राखून कापलेलं स्टेशन

आबा,

तुम्ही जाऊन बरीच वर्षं झाली आणि तुमच्याशी भांडायचं राहूनच गेलं. हे कुठं पाठवायचंही नाही, म्हणून मनात येईल ते लिहिते. माझ्या टेबलावर आता एक गोल करवत आहे, जेवणाच्या डब्याएवढी. पातं बिस्किटाएवढं. तिच्यावर मी लाकडाच्या बारीक पट्ट्या चिरते आणि छोट्या रेल्वेसाठी स्टेशनं बांधते. फलाटाचं छप्पर, सिग्नलची केबिन, मालाचं गोदाम, सगळं खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्श्यात. हौशी लोक मागवून नेतात. तुम्ही असता तर म्हणाला असता, "खेळणी करतीयास व्हय? दुसरी कामं न्हाईत घरात?" तेव्हा नाही आहात तेच बरं.

उचगावच्या आपल्या सुतारकामाच्या शेडमध्ये मोठी करवत होती. खंडेनवमीला ती पुसून लखलखीत मी करायची, तिच्याभोवती रांगोळी मी काढायची आणि हळदकुंकू वाहायला भाऊ पुढं. एरवी मला उंबऱ्याच्या आत यायचं ते चहाचे कप घेऊन. एका दुपारी तुम्ही दोघं जेवायला घरात गेला होतात. मी मशीन चालू केली आणि सागाची एक फळी चिरली. तुम्ही धावत आलात, मेन बंद केलात. आता थोबाडीत बसणार, असं वाटलं. पण तुम्ही फळी उचललीत आणि एक डोळा मिटून तिची कड या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलीत, नेहमी पाहता तशी. कड सरळ होती, आबा. ती सरळ आहे हे तुम्हाला दिसलंय, हे मला दिसत होतं. मग तुम्ही ती फळी लाकूड चिकटवायचा सरस कढवायच्या चुलीत घातलीत. "सासरी काय लाकडं चिरायची हाईत तुला? जा, आईच्या हाताखाली."

शिकले ते उंबऱ्यावरूनच. तुम्ही भावावर खेकसायचात, "रेघ राखून काप की रं! जास्त झालं तर रंधा हाय. कमी पडलं तर काय बापाचं हाड जोडणार हाईस?" त्याच्या एका कानातून शिरून ते दुसऱ्या कानातून गेलं, माझ्यात मुरलं. लग्न होऊन हातकणंगलेला आले, स्टेशनच्या मागंच घर. पहिलं मॉडेल त्याच स्टेशनाचं केलं आणि छपराची प्रत्येक पट्टी रेघ राखून, म्हणजे रेघेच्या बाहेरून, कापली. इतक्या लहान मापात पेन्सिलीची रेघच खऱ्या स्टेशनाच्या हिशेबानं दीड-दोन इंच जाड होते, हे डोक्यात आलंच नाही. पट्ट्या शेजारी शेजारी चिकटवल्या तर छप्पर भिंतींच्या बाहेर लोंबायला लागलं. सगळं काम फुकट. तुमच्याकडून चोरून आणलेली एकुलती एक गोष्ट, तीही माझ्या उपयोगाची नव्हती. त्या दिवशी तुमचा जेवढा राग आला, तेवढा फळी जळतानाही आला नव्हता. आणि ज्याला शिकवलंत त्यानं तुमच्या माघारी मोठी करवत भंगारात घातली, तेही कळवून ठेवते.

परवा कोल्हापुरात अशा छोट्या गाड्यांचं प्रदर्शन होतं. एक म्हातारे गृहस्थ माझ्या स्टेशनापाशी वाकून बघत राहिले. "ताई, हे कुणी केलंया?"

"मी."

"आन् शिकिवलं कुणी?"

याचं उत्तर मी कितीतरी वर्षं घोटून ठेवलं होतं. कुणी नाही, माझी मी शिकले. तोंडातून आलं, "वडिलांनी."

"तर! बापाचा हात हाय त्यो, कळतंय की," म्हणाले आणि पुढच्या टेबलाकडं गेले.

मी भिडेपोटी तसं बोलून गेले, असं घरी सांगितलं. ते खरं नाही. वडिलांनी मला शिकवलं, हे वाक्य एकदा तरी कुणासमोर म्हणून बघायचं होतं. म्हटल्यावर बरं वाटलं, आबा. फार बरं वाटलं. त्याचाच जास्त राग येतोय.