हौसाआत्याचा आवाज, आवृत्ती १.०

३ एप्रिल, सकाळी ७
नोकरी सोडून तीन महिने झाले. वागळे इस्टेटमध्ये दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका काढत होतो. आता स्वतःचं वाद्य काढतोय. कॉम्प्युटरवर कळ दाबली की हळदीत धवले, म्हणजे लग्नाची गाणी, म्हणणारी धवलारीण गाणार! जगात कुणाकडेच नाही. परदेशी कंपनीला ३० तारखेपर्यंत डेमो द्यायचाय. बायको म्हणाली, नाही जमलं तर परत नोकरी. मी लगेच कबूल. प्रश्नच येणार नाही.

८ एप्रिल
चेंदणी कोळीवाडा. हौसाआत्या, वय ७१, धवले गाण्यात तिचा हात धरणारं कुणी नाही. म्हटलं, एकेक सूर सुटा गा, नुसतं ‘आ’. म्हणाली, “आ करायला तू डाक्टर हायस का रं?” बोंबील खाऊन परत.

९ एप्रिल
पुन्हा गेलो. लगीन नसेल तर धवला नाय, म्हणते. आणि नवरीचं नाव घातल्याशिवाय ओळ पुरीच होत नाही. कलावंत हट्टी असतात. मीही आहे.

१३ एप्रिल
सुचलं! आमच्या लग्नात डीजे होता, धवले राहूनच गेले. आत्याला ते सहा वर्षं सलतंय. आता उरकून घेऊ. आत्या एका पायावर तयार. दक्षताला फक्त ‘सरप्राइज’ म्हणालो. तांत्रिक तपशील सांगून बायकोला कशाला त्रास?

१८ एप्रिल
फत्ते. आमच्या डोंबिवलीच्या घरात, हॉलमध्ये पाट, हळद, समोर माइक. दक्षता लग्नातल्या साडीत. तिला वाटलं, आठवण म्हणून रेकॉर्ड करतोय. मी माइक जवळ सरकवला. आत्या दीड तास गायली. दक्षता रडली. हळद डोळ्यात गेली असावी. म्हणाली, “नयन, तुला एवढं सुचेल असं वाटलं नव्हतं रे.” प्रोजेक्टला घरातून पाठिंबा मिळाला.

२० एप्रिल
घोळ. कुठलीही कळ दाबा, दक्षता. आवाज खाली नेणारा इफेक्ट लावला, तर राक्षस दक्षता म्हणतो. जपानमधला माणूस सिनेमाच्या संगीतात माझ्या बायकोला का हाक मारेल?

२४ एप्रिल
एकशे बारा तुकडे. प्रत्येकातून नाव कापलं. लॅपटॉप भरला म्हणून मूळ रेकॉर्डिंग उडवलं. प्रोफेशनल माणूस मागे वळून बघत नाही.

२५ एप्रिल
दक्षताने ऐकलं. विचारलं, “माझं नाव कुठे गेलं?” मी मार्केट समजावलं. पंधरा मिनिटं. म्हणाली, “म्हणजे ते सगळं ह्याच्यासाठी होतं.” गैरसमज दूर झाला.

२९ एप्रिल
डेमो गेला. एक दिवस आधीच!

२ मे
कंपनीचं उत्तर: आवाज अप्रतिम, पण प्रत्येक ओळीत काहीतरी कापल्यासारखं वाटतं. अखंड रेकॉर्डिंग पाठवा, करार करू. धावत आत्याकडे. एका जोडप्याचे धवले एकदाच, म्हणाली. “आता कंची दुसरी बायको करतंस?”

३ मे
देव आहे. धवले झाले त्याच संध्याकाळी दक्षताने सगळं रेकॉर्डिंग मोबाइलवर घेऊन ठेवलेलं. भाजी निवडताना ऐकते. हात जोडले. वाद्यावर तिचं नाव घालतो म्हणालो. अर्धे पैसे म्हणालो. म्हणाली, “माझ्या लग्नातली गाणी आहेत ती. नाही देणार.” आवाज चढवला असता तर भांडता आलं असतं. तिने चढवला नाही.

५ मे, सोमवार, सकाळी ७.५०
वागळे इस्टेट. साहेबांनी परत घेतलं. दक्षताने डबा भरून दिला. तिच्या कानात हेडफोन होते. मी “येतो गं” म्हणालो. दोनदा म्हणालो.